दोन ठिपक्यांचा किडा घेऊन अड्याळला

पेढे वाटून झाले होते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, शेजारीपाजारी, दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना, सगळ्यांना. ह्या ब्लॉगवरही मी 'माझी नवी प्रजाती' अशी फोटोंसकट पोस्ट टाकली होती आणि तुम्ही खाली भरभरून अभिनंदन केलं होतं. त्या रांगेत अगदी शेवटी एक प्रतिक्रिया आली:

"मॅडम, अभिनंदन. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक, मु. अड्याळ, जि. भंडारा. आपण फोटोत दाखविलेला प्राणी माझ्या संग्रही आहे. कोकणातूनच आणलेला. त्यात स्नायू चार आहेत. आपण दोन लिहिले आहेत. सवड झाल्यास येऊन पाहावे. मेश्राम."

ते वाचून मला धडकी भरली. ती पुढचे नऊ दिवस तशीच होती.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझा प्राणी म्हणजे समुद्रातला शेंगकिडा. शास्त्रातलं नाव सायपनक्युला, पण आमच्या घरात शेंगकिडाच म्हणतात. खडकांच्या फटीत, वाळूत, रिकाम्या शंखात राहतो. करंगळीएवढा. पुढे एक बारीक सोंड असते. हात लावला की भितो, सोंड आत ओढून घेतो, आखडतो आणि थेट भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो. सोंड आत ओढायला त्याच्या पोटात स्नायूंच्या दोऱ्या असतात. त्या किती आहेत, दोन की चार, ह्यावरून कोणता शेंगकिडा कोणता ते ठरतं. माझ्या किड्याच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांना चार असतात. माझ्याला दोन होते. शिवाय आतल्या कातडीवर दोन पांढरे ठिपके होते, जे आजवर कुणी कुठल्याच शेंगकिड्यात लिहिलेले नव्हते. म्हणून मी त्याचं नावच 'दोन ठिपक्यांचा' अशा अर्थाचं ठेवलं होतं. लेख स्वीकारला गेला होता. शेवटचं मुद्रित तपासून पंधरा दिवसांत परत पाठवायचं, की झालं.

आणि आमच्या धंद्यातली भीती काय असते तेही सांगते. एकदा नाव छापलं गेलं की ते मरत नाही. पुढे कुणी चूक दाखवली तरी ते पुसलं जात नाही, खऱ्या नावाच्या खाली 'हेही तेच' म्हणून यादीत कायमचं पडून राहतं, आणि त्याच्यापुढे ते देणाऱ्याचं आडनाव. मी मेल्यावरही माझी चूक माझ्या नावानिशी प्रत्येक यादीत छापली जाणार.

नंबर मागवून मी मेश्राम सरांना फोन केला. म्हटलं, तुमचा नमुना कुरिअरनं पाठवाल का? ते म्हणाले, "स्पिरिटची बाटली कोण घेते जी? आणि बिनास्पिरिटचा पाठवला तर तुमच्यापर्यंत पापड येईन. तुम्हीच या. दिवाळीच्या सुट्ट्या आहेत ना?"

सुट्ट्या होत्या. तरी मी दोन दिवस घालवले. नवरा म्हणाला, "अगं, नुसतं बघून ये." नुसतं बघायचीच तर भीती होती.

माझ्याकडे एकूण तीन किडे होते. दोन कापून पाहिलेले, तिसरा अख्खा. तो अख्खा म्हणजे होलोटाइप, ज्याच्यावर नाव उभं राहतं तो अस्सल नमुना. असा नमुना शक्यतो कापत नाहीत. खरं तर मी तो भीतीनंच कापला नव्हता, पण लेखात भीती असं कारण लिहिता येत नाही. मी तो सोबत घेतला. गाडीत स्पिरिटची बाटली न्यायची नसते, म्हणून किडा स्पिरिटनं ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळला, फडकं छोट्या डबीत, डबी दोन पिशव्यांत, आणि पिशव्या पर्समध्ये. तुम्हाला कधी असं काही न्यायची वेळ आली तर हीच पद्धत वापरा. फक्त दर चार तासांनी उघडून वास घेऊ नका. मी घेत होते.

कोकणातून एसटीनं पुणे आणि पुण्याहून रेल्वेनं नागपूर. समोरच्या बर्थवरच्या बाई वर्ध्याच्या होत्या. मी तिसऱ्यांदा डबी उघडली तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला.

"दवाखान्याचा वास कुठून येऊन राहिला जी? तुमच्याजवळ पेशंट आहे का?"

"नाही," मी म्हटलं. मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हणाले, "रिपोर्ट घ्यायला चाललेय."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी मला संत्रं सोलून दिलं आणि 'सगळं चांगलं होईन' म्हणाल्या. मी ते संत्रं खाल्लं आणि खोटं बोलल्याची भीती आधीच्या भीतीत जमा झाली.

नागपूरहून भंडारा एसटीनं दीड-दोन तास. गाड्या सारख्या असतात, आरक्षण वगैरे काही लागत नाही. स्टँडवर तर्री पोहे खाऊन घ्या, पण तर्री बेतानं. माझा बेत चुकला, त्यामुळे रस्ता मी डोळे मिटूनच काढला. गाडी साकोलीची होती, भंडाऱ्याला थांबून पुढे जाणारी. भंडारा आलं तेव्हा मी मान खाली घालून डबीचं झाकण घट्ट आहे का ते बघत होते. मान वर केली तर खिडकीबाहेर नुसतं पाणी. वैनगंगा. मी भंडारा सोडून पुलावर होते.

मी ओरडले. समुद्रकाठी राहूनही मला पाण्याची भीती वाटते, पुलांची तर फारच. कंडक्टर शांतपणे मागे आला.

"भंडारा, भंडारा करून मी तीनदा बोंबललो जी. तुम्ही पर्समध्ये काय पाहून राहिल्या होत्या?"

पलीकडे कारध्याला त्यानं मला उतरवलं. रस्त्याकडेला एक बाई टोपल्यात उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. काळे, शिंगवाले. मी परत जायला ऑटो कुठे मिळेल ते विचारलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"बसा अगुदर. तोंड पाहा कसं पांढरंफट झालं. कायले भेता एवढं? नदी काई रस्त्यावर येऊन नाही राहिली."

"पावसाळ्यात येते ना?"

"येते नं. तो जुना पूल पार बुडते. तवा आमी नाही भेत, आता कायले भ्यावं?"

शिंगाडे घेतले. गोडसर, पिठूळ, छान होते. तुम्ही दिवाळीच्या आसपास तिकडे गेलात तर नक्की खा. तळ्यातले असतात, आणि सोलताना बोटाला टोचतात. ऑटोनं मी परत पूल ओलांडला. ह्या खेपेला डोळे उघडे ठेवले, कारण मिटले तर पुन्हा भंडारा चुकेल असं वाटलं.

भंडाऱ्याहून अड्याळ पवनीच्या रस्त्यावर, एसटीनं तासाच्या आत. दोन्ही बाजूंना धान. काही बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, कापून झालेल्या, काहींत अजून पिवळा धान उभा, मधेच एखादं तळं आणि त्यावर पांढरे बगळे. दर गावात मंडईच्या जत्रेची आणि नाटकांची पोस्टरं लागलेली. सुंदर होतं सगळं. पण खरं सांगू का, त्या दिवशी मला सुंदर काही दिसत नव्हतं. मी मनात एकच हिशेब करत होते: चार असतील तर काय, आणि कुणाकुणाला सांगावं लागेल.

मेश्राम सर स्टँडवर स्वतः आले होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, पांढरा शर्ट, खिशाला शिसपेन्सिल. मला वाटलं होतं खडूस असतील. ते हसले आणि म्हणाले, "जय भीम मॅडम. गाडीत वांती-गिंती नाही झाली ना? ह्या रस्त्यावर होते." मी माझ्यापुढे चालत असलेल्या त्या माणसाकडे बघत होते आणि मला जाणवलं की ते पायानं चाचपत चालताहेत. उंबरठ्याशी आल्यावर त्यांनी हातानं चौकट शोधली. डोळ्यांत काचबिंदू. एका डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं थोडं.

"मग कमेंट?" मी न राहवून विचारलं.

"आमच्या हिनं वाचून दाखवली पोस्ट. कमेंटही तिनंच टाकली. फोटो मी टीव्हीले लावून पाहिला. मोठा करून."

'आमची ही' म्हणजे ताराकाकू. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि दोन्हींच्या मधे भिंतभर काचेचं कपाट. त्या कपाटात बाटल्या. कॉफीच्या, लोणच्याच्या, औषधांच्या. समुद्रतारे, खेकडे, गोगलगायी, वाळूतले किडे. समुद्रापासून इतक्या लांब, धानाच्या गावात, एका घराच्या पुढच्या खोलीत माझा अख्खा किनारा उभा होता. मला तिथे सुरक्षित वाटायला हवं होतं, पण मी पर्स छातीशी धरून दारातच उभी राहिले.

चहाबरोबर काकूंनी भाजलेल्या शेंगा ठेवल्या आणि स्वतःच हसल्या. "हे किडे नाहीत जी, खा."

सरांनी सांगितलं, ते ज्या कॉलेजात शिकवत ते तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागात होतं. दर हिवाळ्यात पोरं घेऊन कोकणात सहल. सगळी धानपट्ट्यातली पोरं, समुद्र पहिल्यांदा पाहणारी. पुढे जिल्ह्याचे दोन झाले, कॉलेज गोंदियात गेलं आणि घर भंडाऱ्यात राहिलं. निवृत्तीच्या वेळी ह्या बाटल्या अडगळीत टाकायला काढल्या होत्या. त्यांनी त्या एसटीच्या टपावरून, धानाच्या तणसात बसवून घरी आणल्या.

"एकही फुटली नाही," काकू म्हणाल्या. "मी मात्र आतमधी बसून रस्ताभर भेत होतो."

मग सरांनी त्यांचा किडा काढला. कपाटात हात घातला आणि न चाचपता तीच बाटली उचलली. आतली चिठ्ठी शिसपेन्सिलीची. हे नवख्यांसाठी सांगते: स्पिरिटमधली चिठ्ठी नेहमी शिसपेन्सिलीनं लिहावी, पेनाची शाई धुऊन जाते. गाव, दिनांक, 'ओहोटी, खडकाची फट', आणि खाली 'स्नायू ४'.

त्यांचा किडा बघून मी आणखी घाबरले. तो आखडलेला नव्हता. लांब, सरळ, सोंड पूर्ण बाहेर, सोंडेवरचे आकड्यांचे वेढेसुद्धा मोजता यावेत असा. अंगावरून एकीकडे स्वच्छ चीर दिलेली आणि आत चार दोऱ्या. दोन जाड, दोन बारीक. भिंगाचीही गरज नव्हती. बाहेरून हुबेहूब माझा.

"वेगळी प्रजाती असू शकते," मी म्हटलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"असू शकते," सर म्हणाले. "तुमचे फोटो दाखवा. मोठे करून."

मी लॅपटॉप उघडला. सर पडद्याला नाक लावून बसले. कापलेल्या दोन किड्यांचे फोटो त्यांनी कितीतरी वेळ पाहिले. मग बोट ठेवलं.

"हे काय जी?"

"तेच ते ठिपके. दोन्ही नमुन्यांत आहेत. त्यावरूनच नाव दिलंय."

 सरांनी आपला किडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "माझ्या ह्या बारक्या दोऱ्या कातडीले कुठे चिकटल्या आहेत, पाहा बरं."

मी पाहिलं. अगदी तिथेच. जिथे माझ्या किड्याला ठिपके होते, तिथेच.

मला जे कळलं ते मला कळायला नको होतं. ठिपके नव्हते ते. दोऱ्या तुटल्यावर कातडीवर उरलेली खुंटं होती. किडा उघडताना माझ्याच कात्रीनं त्या बारीक दोऱ्या तोडल्या होत्या, दोन्ही वेळा सारख्याच, कारण दोन्ही वेळा मी सारखीच चुकले होते. आणि त्या खुंटांना मी नवं लक्षण म्हणून नाव दिलं होतं.

"झोपवले होते का?" सरांनी विचारलं.

ह्याचा अर्थ आमच्यातल्यांनाच कळेल. शेंगकिडा जिवंत असताना थेट स्पिरिटमध्ये टाकला तर भीतीनं आखडतो आणि तसाच मरतो. आत सगळं एकमेकांत दाबलं जातं, कात्री कुठून चालवावी कळत नाही. म्हणून आधी समुद्राच्या पाण्यात ठेवून, मेंथॉलचे खडे टाकून, तासन्‌तास थांबायचं. हळूहळू तो सुस्तावतो, सोंड बाहेर सोडतो. मग स्पिरिट, तेही थेंब थेंब.

"नाही," मी म्हटलं. "भरती येत होती. मी एकटी होते त्या खडकांवर. मला भीती वाटली. पटकन बाटलीत टाकले आणि पळाले."

"हं."

"घरी पाण्यातून नेले असते तर वाटेत सडतील अशीही भीती होती."

"हं," सर पुन्हा म्हणाले. "माझी पोरं पोहायले जाऊ द्या म्हणून डोकं खात होती. मी ट्रे घेऊन सगळी दुपार बसलो. तो भेते म्हणून आखडते. त्याचं भेव जाऊ द्यायचं, मंग कापायचं. पण तुमचा तिसरा कापल्याशिवाय मी काही म्हणत नाही. त्यात खरंच दोन असू शकतात."

तिसरा पर्समध्ये होता. उजेड उतरला होता. सरांचं सूक्ष्मदर्शक जुनं, आरशावर ऊन घेऊन चालणारं, त्यामुळे आता सकाळीच काय ते. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग कळलं की ही सुटका नाही, सगळी रात्र आहे.

जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि तळ्यातले बारीक मासे. इतकं चवदार जेवण आणि मला घास गिळवत नव्हता. हात धुवायला मागच्या अंगणात गेले तर काकू दिवा घेऊन पाठोपाठ आल्या.

"वाघ येतो का इथे?" मी विचारलं. गाडीत कुणीतरी बोलताना ऐकलं होतं.

"घरात नाही येत जी. धानाच्या बांधीबांधीनं जाते आपला. तुमाले वाघाचं भेव आहे का?"

मला इतक्या गोष्टींचं भेव होतं की वाघ त्यात कुठे बसवावा तेच कळेना. मी म्हटलं, "काकू, मी खोटं छापणार होते."

 त्या माझ्या हातावर पाणी ओतत राहिल्या. मग म्हणाल्या, "छापलं तर नाही ना अजून?"

झोप लागली नाही. मनात काय काय आलं तेही लिहिते, नाहीतर ही पोस्ट अर्धवट होईल. आलं की, सकाळी म्हणावं, होलोटाइप कापता येत नाही, नियम आहे. परत जावं आणि मुद्रित पाठवून द्यावं. अड्याळमधल्या एका बाटलीचं कोण ऐकणार? हे मनात आलं ह्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

सकाळी अंगणात ऊन आलं तसं सरांनी स्टूल मांडलं, सूक्ष्मदर्शकाचा आरसा पुसला, मेणाचा ट्रे ठेवला. बाजूला काकू चटईवर धान पसरत होत्या. मी डबी उघडली. किडा अजून ओला होता. शेंगेसारखा, आखडलेला, भ्यालेला. त्या क्षणी त्याला तसं मारल्याची मला फार लाज वाटली.

सरांचे हात थरथरतात, म्हणून कात्री माझ्याकडे.

"गुदद्वार कुठे आहे?"

शेंगकिड्याचं ते मागे नसतं, पाठीवर वरच्या बाजूला असतं. पहिल्या वर्षाची पोरं इथे नेहमी हसतात. "इथे," मी म्हटलं.

"त्याच्या बाजूनं घ्या. मधून नाही. तुम्ही मधून घेतलं होतं, फोटोत दिसते. टोक वर ठेवा, कातडी उचलून. घाई नाही, इथे भरती येत नाही."

मी कापलं. किती वेळ लागला माहीत नाही. मधे दोनदा थांबून हात पुसले. काकूंचा धान पसरायचा आवाज थांबला होता, त्याही बघत होत्या. आखडलेल्या किड्याच्या आत सगळं घट्ट असतं. पीळ घातलेलं आतडं मी सुईनं हलकेच बाजूला केलं, दोन तपकिरी नळ्या दिसल्या, मग कातडी टाचण्यांनी पसरली आणि भिंगाला डोळा लावला.

दोन जाड दोऱ्या. त्यांच्या वर, कातडीपासून निघून सोंडेकडे जाणाऱ्या, केसाएवढ्या बारीक, न तुटलेल्या आणखी दोन. ठिपके कुठेच नव्हते.

"किती?" सरांनी विचारलं.

मी मान वर केली. सर शेजारच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर वही, हातात ती शिसपेन्सिल. डोळे माझ्याकडे होते, पण मी जिथे होते त्याच्या जरा बाजूला पाहत होते. त्यांना भिंगातून काही दिसणार नव्हतं. काकूंना काय मोजायचं ते माहीत नव्हतं. त्या अंगणात, आणि त्या घडीला अख्ख्या जगात, तो आकडा एकट्या मला माहीत होता. सुई माझ्या हातात होती. दोन केस तोडायला फुंकर पुरली असती.

मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. ना भरतीची, ना पुलाची.

"चार," मी म्हटलं.

सरांनी वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर पेन्सिल खिशाला लावली आणि म्हणाले, "आमच्या जिल्ह्याचे दोन करायले सरकार लागलं, मोर्चे लागले, किती वर्षं गेली. एका किड्याचे दोन करायले एक कैची पुरते. चला, चहा घेऊ."

मी रडले. काकूंनी धानाचे हात पदराला पुसून माझ्या पाठीवर ठेवले, त्यामुळे माझ्या कुडत्यावर कोंडा लागला. तो मी घरी येईपर्यंत झटकला नाही.

परतीचा प्रवास आला तसाच, फक्त कारध्यापर्यंत न जाता. डबी पर्समध्ये होती, पण तिचा वास घ्यावासा वाटला नाही. नागपूरच्या स्टेशनवरूनच मी संपादकांना मेल लिहिला. लेख मागे घेते, प्रजाती नवी नाही, चूक माझी. पाठवायचं बटण दाबायला पुढची गाडी लागेपर्यंत वेळ लागला.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. काय उरलं ते सांगते. भीती गेली असं मुळीच नाही. स्टाफरूममध्ये 'नवी प्रजाती छापून आली का?' असं कुणी विचारलं की अजून कानशिलं तापतात. पेढे परत मागता येत नाहीत. आठवड्यापूर्वी मात्र मी पुन्हा त्याच खडकांवर गेले, दोन शेंगकिडे समुद्राच्या पाण्यात घालून घरी आणले, वाटेत सडले नाहीत, आणि मागच्या पडवीत ट्रेमध्ये मेंथॉल टाकून बसले. चार तास. नवरा तीनदा येऊन पाहून गेला. संध्याकाळकडे एकानं सोंड बाहेर सोडली, पूर्ण, आरामात. इतकी वर्षं हेच प्राणी बघतेय आणि जिवंतपणी ती सोंड एवढी लांब होते हे मी आपल्या डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

जुनी पोस्ट काढलेली नाही. तुमची अभिनंदनंही तशीच आहेत. तिच्या डोक्यावर एक ओळ टाकली आहे: स्नायू चार आहेत.

ही पोस्ट टाकण्याआधी काल मी सरांना फोनवर सगळी वाचून दाखवली. त्यांनी नीट ऐकली. काकूंच्या वरणाबद्दल मी कमी लिहिलं आहे असं काकूंचं म्हणणं पडलं. बाकी काही चुकलं आहे का, मी विचारलं.

"नाही. फक्त त्या दिवशी तुम्ही 'चार' म्हणायले लय वेळ लावला, तो लिहला नाही तुम्ही."

 मग जे विचारायचं धाडस आजवर झालं नव्हतं ते विचारलं. "सर, मी दोन म्हटलं असतं तर? तुम्हाला कळलं असतं?"

"कसं कळन? मले कुठे दिसते?"

"मग?"

"मग काय," सर म्हणाले, "तुम्ही दोन म्हणल्या असत्या तर मी दोन लिहून घेतलं असतं. आणि माझंच मोजणं चुकलं समजून, माझ्या बाटलीतल्या चिठ्ठीवरचे चार खोडून, तिथं प्रश्नचिन्ह टाकलं असतं."